इंग्रजी–कन्नड कोश

इंग्रजी शब्दांचे अर्थ व उपयोग कन्नड भाषकांसाठी देणारे कोश. बळ्ळारीतील लंडन मिशनरी सोसायटीचे विल्यम रीव्ह यांचा इंग्रजी–कन्नड कोश 1824 मध्ये मद्रासला छापला गेला. त्यांचा कन्नड–इंग्रजी कोश 1832 चा. म्हणजे मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (1831) आणि हे काम एकाच काळातले. बासल मिशनच्या फर्डिनंड किटेल यांचा 1894 चा मंगळूरचा कोश मात्र कन्नड–इंग्रजी आहे. त्याच्या कीर्तीमुळे उलट दिशेचे कोश उगाच झाकोळले गेले.

म्हैसूर विद्यापीठाचा इंग्रजी–कन्नड कोश 1946 मध्ये निघाला. कोशकार जी. वेंकटसुब्बय्या (1913–2021) यांनी ‘प्रजावाणी’ या कन्नड दैनिकातील ‘इगो कन्नड’ या सदरातून वाचकांच्या शब्दशंका सोडवल्या.

कोशकाराची खरी अडचण रोजच्या बोलण्यात आहे. व्यंजनान्त इंग्रजी शब्दाला कन्नडमध्ये बहुधा ‘उ’ जोडतात: बस्सु, कारु. इंग्रजी क्रियापदाला ‘माडु’ (करणे) लावले की काम भागते, जसे मराठीत ‘ट्राय करणे’. कोशांतील प्रतिशब्द मात्र पुष्कळदा संस्कृत वळणाचे असतात. म्हणून अशा कोशात रूढ उसना शब्दही नोंदवलेला असावा.