आवड बदलली, पण ती बदलली कुणी?

"भीमगीते आता ऐकवत नाहीत." हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही आपल्याच शिकलेल्या पोरापोरींच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहिणे भाग आहे. हे म्हणणारे चळवळीपासून तुटलेले लोक नाहीत. ते ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतात, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा करतात, वस्तीत अभ्यासिका चालवतात. पण लहानपणी ज्या गायकाच्या कॅसेटवर ते मिरवणुकीत नाचले, ज्याची गाणी त्यांना कडव्यासकट पाठ होती, त्याचा आवाज आज त्यांना कर्कश वाटतो. मोबाइलमध्ये गझल असते, सूफी असते, रॅप असते. तो गायक नसतो.

मित्रांनो, आवड बदलणे हा गुन्हा नाही. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, तेव्हा कानाला कुंपण घालण्याचा सल्ला कुणी आम्हाला देऊ नये. आपल्या समाजाने तर आपले लाडके कलावंत याआधीही मागे टाकले आहेत. फरक एवढाच की तेव्हा ते का मागे टाकायचे हे आपण स्वतः ठरवले होते, आणि चारचौघांत बोलून दाखवले होते. आज तसे होते आहे का, हे तपासायचे तर थोडे मागे जावे लागेल.

तमाशापासून सुरुवात करू. ढोलकी, हलगी, कडे, तुणतुणे ही सगळी वाद्ये आपल्या आणि मातंग समाजाच्या हातातली. फडावर नाचणाऱ्या बाया बहुतांशी दलित आणि कोल्हाटी समाजातल्या. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते ब्राह्मण असून तमाशात आले म्हणून त्यांचे नाव इतिहासात ठळक झाले, आणि ज्या पवळाबाईंच्या आवाजावर व अदाकारीवर त्यांचा फड उभा होता त्या महार स्त्रीचे नाव त्यांच्या नावाच्या सावलीत राहिले. बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या बाईला नाचवून मिळालेल्या पैशावर आपल्या मुक्तीची लढाई लढायची नाही, असा त्या नकाराचा अर्थ लोकांनी लावला. लोक तमाशावर जीव टाकत होते. तरीही त्यांनी तो सोडायला सुरुवात केली.

सोडला म्हणजे कान बंद केले असे मात्र नाही. सत्यशोधक जलशांनी वाट आधीच दाखवली होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि त्याच काळात नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती जलसा घेऊन गावोगाव निघाले. साचा तमाशाचाच होता. ढोलकी तीच, सवालजवाबाची खुमारी तीच, विनोदही तोच गावरान. गवळणीतली छेडछाड गेली आणि तिच्या जागी शाळा, सत्याग्रह, मेलेली ढोरे न ओढण्याचा निर्धार असे विषय आले. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. पुढे भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ही सगळी हकीकत कागदावर उतरवली. त्यांनी ते केले नसते तर आज या विषयावर पीएच.डी. करणाऱ्यांची पंचाईत झाली असती.

इथे एक गोष्ट खटकते आणि ती चळवळीच्या लोकांनीच बोलायला हवी. जलशात बायकांची कामे पुरुष करीत. शृंगार गेला हे बरोबरच झाले, पण त्या शृंगारावर ज्यांची चूल पेटत होती त्या बायांचे काय झाले? त्यांच्यासाठी दुसरा मंच कुणी उभा केला? समाजाने तमाशा मागे टाकला आणि त्याबरोबर तमाशातली बाईही मागे पडली. जिचे नाचणे हा आपला अपमान वाटत होता, तिच्या गळ्याला आपण जलशात जागा दिली नाही. शैलजा पाईक यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडे हा प्रश्न नीट मांडला आहे. आवड बदलते तेव्हा तिची किंमत कुणीतरी मोजतो, आणि बहुतेक वेळा तो मोजणारा आवड बदलणाऱ्यांपैकी नसतो.

दुसरा मोठा बदल १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा. बावीस प्रतिज्ञांनी देव सोडायला लावले, आणि देवांबरोबर त्यांची गाणीही सुटली. आपल्या घराघरांत तोवर टाळमृदंग होते. चोखोबांचे अभंग म्हणणारे म्हातारे होते, पंढरीची वारी करणारी घराणी होती. ज्या अभंगांवर माणूस रडला, ज्या भजनीबुवाला कोसभर चालत जाऊन ऐकले, ते एका विजयादशमीनंतर सोडायचे होते. हे सोपे नव्हते. पुष्कळ ठिकाणी भजनी मंडळे मोडली नाहीत; तीच पेटी, तेच टाळ, आणि शब्द बुद्ध-भीमाचे झाले. आज आपल्याला ते जुनाट वाटते, पण एका पिढीने आपला कंठ न गमावता आपला देव कसा सोडला त्याचा हा पुरावा आहे.

सोडणे आणि तुच्छ लेखणे यांतले अंतर बाबासाहेबांनी आधीच दाखवून ठेवले होते. अस्पृश्यतेच्या उगमावरचा त्यांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला आहे. भक्तिमार्गाने जात मोडली नाही हे ज्यांनी आयुष्यभर मांडले, तेच अर्पणपत्रिकेत चोखोबांचे नाव लिहितात. आठ वर्षांनी ते चोखोबांच्या विठ्ठलाला कायमची पाठ दाखवतात, आणि अर्पणपत्रिका जिथल्या तिथे राहते. आमच्या दृष्टीने मागे टाकण्याची हीच सभ्य रीत आहे.

प्रल्हाद शिंदे यांच्याबाबत आपण ही रीत पाळली का? मंगळवेढ्याच्या या माणसाचा आवाज डोंगर फोडून येणाऱ्या पाण्यासारखा. त्यांनी भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या, आणि विठ्ठलाचीही गाणी गायिली. पंढरीच्या वाटेचे त्यांचे गाणे आजही आषाढीला साऱ्या महाराष्ट्रात वाजते. या शेवटच्या गोष्टीवरून काही कार्यकर्ते त्यांना आजही नावे ठेवतात. आमचे मत वेगळे आहे. ध्वनिमुद्रणावर पोट असलेला गायक कंपनी मागेल ते गातो, आणि कंपनी बाजार मागेल ते मागते. प्रश्न विचारायचाच असेल तर वारीत तो आवाज लावणाऱ्यांना विचारावा, की हा गळा कोणत्या वस्तीतून आला हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आता आजच्या तक्रारीकडे येऊ. भीमगीत 'कर्कश' आहे, 'लाउड' आहे, त्यात 'क्लास' नाही. हे शब्द कुठले? भारतीय रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. श्रुती आणि मींड या वाद्यातून नीट निघत नाहीत, हे कारण. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. म्हणजे आपल्या भजनी मंडळाची, जलशाची, कव्वालीची जी पेटी, ती तीस वर्षे सरकारी कानाला चालत नव्हती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणीसुद्धा हलकी वाटत. ती आकाशवाणीवरून गेली, लोकांनी रेडिओ सिलोन लावला, आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. सिनेमासंगीताच्या मागे पैसा होता, म्हणून त्याने पाच वर्षांत परतीची वाट काढली. वस्तीतल्या गायन पार्टीच्या मागे कोण होते? मराठी घरात 'चांगले गाणे' म्हणजे काय हे ठरवणारा कान अशा वातावरणात घडला. तो भावगीताचा, नाट्यगीताचा कान होता, आणि त्याने वस्तीचे गाणे क्वचितच ऐकले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ च्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात हेच आपल्या देशातल्या आकडेवारीने दाखवले. कुणाला बाखची रचना आवडते आणि कुणाला स्ट्राउसची 'ब्लू डॅन्यूब', हे त्याच्या शिक्षणावरून आणि बापाच्या धंद्यावरून ओळखता येते. गंमत पुढे आहे. 'ब्लू डॅन्यूब' सर्वसामान्यांना आवडू लागली म्हणून तिची वरच्या थरातली पत उतरली. संगीत तेच होते, ऐकणारे बदलले. बुर्द्यूंपुढे जात नव्हती. आपल्याकडे ती आहे, म्हणून हे गणित आणखी कडक लागू होते.

कबीर घ्या. बाबासाहेबांचे वडील रामजी कबीरपंथी होते. आपल्या कितीतरी घरांत आजोबा एकतारीवर कबीर म्हणत. त्याच घरांतली मुले शहरात शिकायला गेली आणि आजोबांच्या कबिराची त्यांना लाज वाटू लागली. पुढे कुणीतरी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकवली आणि कबीर थोर वाटला. कुमारजी थोरच होते, त्यांना ऐकायलाच हवे. पण त्या मुलांनी नंतर आजोबांना पुन्हा ऐकले का? नसेल ऐकले, तर त्यांची आवड वाढली असे आम्ही म्हणणार नाही. ती फक्त राहायला दुसऱ्या मोहल्ल्यात गेली.

शाहिरीचेही तसेच. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्यांचे आणि त्यांच्यासारख्या अनेकांचे गाणे आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मधून देशभर पोहोचले हे चांगलेच झाले. पण आमच्या पाहण्यात असे विद्यार्थी आहेत ज्यांना तो माहितीपट पाहिल्यावर भीमगीत 'भारी' वाटू लागले, आणि स्वतःच्या वस्तीतला गाणारा काका मात्र अजून 'बोअर'च वाटतो.

याचा अर्थ जे काही निळ्या कव्हरच्या कॅसेटवर आले ते सगळे सोने, असे आम्ही मानत नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि दर जयंतीला नव्या कॅसेटचा पूर आला. कालच्या सिनेमाची चाल, त्यावर चार ठराविक यमके, 'भीम' आणि 'सीम' जुळवले की झाले गाणे. यातले पुष्कळ विसरण्याच्याच लायकीचे आहे. विचार नसलेले गाणे आवडेनासे झाले तर ते शिक्षणाचे यश आहे, ते बिनधास्त मागे टाका. फक्त त्याच पोत्यात वामनदादा कर्डक कोंबू नका. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्ट करता करता मोठेपणी अक्षर शिकला आणि १९४३ पासून मरेपर्यंत गाणी लिहीत राहिला. त्यांची चाल साधी आहे, कारण ती ऐकणाऱ्याला पुस्तक वाचता येत नव्हते. गाणे एकदा ऐकून घरी नेता यायला हवे होते. ते ऐकून ज्यांनी मुलांना शाळेत घातले, त्यांची नातवंडे आज या चालींना बाळबोध म्हणतात. म्हणू द्या, पण बाळबोध कशासाठी होती हे माहीत असू द्या.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ च्या मे-जूनमध्ये, दीड महिन्याच्या आत गेले. त्यानंतर हळूहळू जयंतीच्या वर्गणीचा मोठा वाटा डीजेकडे वळला. पूर्वी तालुक्यातली एखादी गायन पार्टी एप्रिलभर रोज एका गावी असायची. पेटीवाला, ढोलकीवाला, कोरसला दोन बाया. आता त्यातले बहुतेक जण दुसऱ्या कामाला लागले आहेत. आपली आवड बदलली तेव्हा तमाशातल्या बाईसारखेच यांनाही कुणी काही सांगितले नाही.

येत्या १४ एप्रिलच्या मंडळाच्या बैठकीत एक विषय मांडता येईल. डीजेचे बजेट ठरण्याआधी आपल्या तालुक्यातली अशी एक पार्टी शोधायची आणि तिला पूर्ण बिदागी देऊन एक रात्र ऐकायची. आवडले नाही तर आवडले नाही. पण जाण्याआधी गायकाची वही मागून घ्या. अशा वह्या बहुधा पत्र्याच्या पेटीत असतात, कोपरे वाळवीने खाल्लेले असतात. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कोरसमधल्या बायांची नावे विचारून लिहून घ्या. आणि गाण्याच्या वर 'चाल' म्हणून जी ओळ असते ती कापू नका. बऱ्याचदा तिथे त्या वर्षी गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याचे नाव असते, आणि त्यावरून गाणे कोणत्या साली बांधले ते कळते.