विद्यापीठाची ओळख : अंबरनाथच्या विद्यार्थ्याच्या वाटेवरील काही संस्था

कल्याणहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचला. अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे याच मार्गावर येतात. पुढे १८६३ साली बोरघाटातील मार्ग पुरा झाला आणि मुंबई व पुणे लोहमार्गाने जोडली गेली. अशा रीतीने अंबरनाथ हे पुढे विद्यापीठांची नगरे म्हणून ओळखल्या गेलेल्या दोन शहरांमधील एक ठिकाण झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे या परिसराला आगगाडी आधी मिळाली आणि विद्यापीठ नंतर. येथील विद्यार्थ्याला आज दोन्ही दिशांना अनेक नामवंत संस्था उपलब्ध आहेत. त्यांची नावे त्याला ठाऊक असतात. तथापि विद्यापीठाचे नाव ठाऊक असणे व विद्यापीठ ठाऊक असणे यांत अंतर आहे आणि त्या अंतराला इतिहास आहे. तो इतिहास या परिसराच्या संदर्भात मांडणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापण्याचे ठरले व १८५७ साली तीनही स्थापन झाली. मुंबईचा कायदा त्या वर्षीच्या १८ जुलैचा आहे. नमुना लंडन विद्यापीठाचा होता आणि ते विद्यापीठ त्या काळी परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती. मुंबईतही तोच प्रकार स्वीकारला गेला. अध्यापन एल्फिन्स्टन कॉलेजसारख्या महाविद्यालयांत होई. विद्यापीठ अभ्यासक्रम नेमी, परीक्षा घेई व पदवी देई. शिकविणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा परिणाम विद्यार्थ्याच्या कल्पनेवर झाला. १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर झाले. पदवीदान सभागृह १८७४ मध्ये आणि राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्यापूर्वी विद्यापीठ म्हणून बोट दाखवावे अशी स्वतःची वास्तूही नव्हती. ठाणे जिल्ह्यातील मुलाला विद्यापीठाची पहिली ओळख झाली ती मॅट्रिकची परीक्षा म्हणून. गुरू, ग्रंथालय, चर्चा या रूपांत ते त्याला दिसलेच नाही. मराठी समाजात ‘मॅट्रिक झालेला’ ही एक सामाजिक पायरी बनली, तिचे मूळ येथे आहे.

२

ही ओळख इंग्रजीतून झाली, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. प्रारंभी विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना काही स्थान होते. परंतु १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या दूर केल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांनी घेतली. जे ज्ञान मराठीत मांडले जाईल त्याला विद्यापीठात किंमत नाही, असा अर्थ यातून सामान्य विद्यार्थ्याने काढला असल्यास नवल नाही.

याविरुद्ध सर्वांत चिकाटीने प्रयत्न केला तो पहिल्या चार पदवीधरांपैकी रानडे यांनी. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे १८९८ चे टिपण या प्रयत्नाचाच भाग होते. मराठीत अभ्यासास योग्य असे वाङ्मय आहे, हे त्यांना ग्रंथसंख्येनिशी दाखवून द्यावे लागले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. आज मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी ज्या विभागात बसतो, त्या विभागाच्या अस्तित्वामागे हा लढा आहे.

३

विद्यापीठाची ओळख करून देणारे लहानसे पुस्तकही किती मोठे कार्य करू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली होती. टोकियोतील ती संस्था जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्थापन केली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले, तेव्हा त्यांनी भाषणात महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ पुण्यात सुरू झाले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे त्यास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले आणि १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईस आले.

त्या पुस्तिकेत टोकियोच्या संस्थेची केवळ थोरवी असती, तर कर्व्यांच्या हाती कौतुकापलीकडे काही लागले नसते. अभ्यासक्रम कसा, माध्यम कोणते, स्त्रीच्या जीवनाशी त्याचा मेळ कसा, याचा विचार त्यांना करता आला म्हणूनच एका देशातील संस्थेवरून दुसऱ्या देशात संस्था उभी राहिली. कर्व्यांच्या विद्यापीठाने अध्यापनासाठी देशी भाषांचा स्वीकार केला आणि पदव्यांनाही संस्कृत नावे दिली. ‘गृहीतागमा’ म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती, आणि ‘प्रदेयागमा’ म्हणजे विद्या देण्यास जी समर्थ झाली ती. जी. ए. व पी. ए. ही त्यांची आद्याक्षरे. शिकण्यापासून शिकविण्यापर्यंतचा क्रम पदव्यांच्या नावांतच दाखविणारी ही रचना भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

परंतु या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. १९४९ च्या कायद्याने व १९५१ मधील त्याच्या अंमलबजावणीने ती मिळाली. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुली तेथे शिकल्या, त्यांना विद्या मिळाली, पण तिचे राजमान्य प्रमाणपत्र मिळाले नाही. शिक्षण व मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांनी स्वतःच्या आयुष्यात घेतला.

४

‘विद्यापीठ’ या शब्दाचा प्रवासही येथे उद्बोधक ठरतो. हिंदीत सरकारमान्य संस्थेस ‘विश्वविद्यालय’ म्हणतात. ‘विद्यापीठ’ हे नाव तेथे विशेषतः राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थांना लाभले. काशी हिंदू विश्वविद्यालय १९१६ चे, तर असहकाराच्या लाटेत निघालेले काशी विद्यापीठ १९२१ चे. एकाच नगरातील या दोन नावांत दोन भिन्न भूमिका दिसतात. मराठीत मात्र हा भेद टिकला नाही. १९१६ चे महिला विद्यापीठ व १९२१ चे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ या दोन्ही सरकारी चौकटीबाहेरच्या संस्थांनी शब्द रुजविण्यास मोठा हातभार लावला आणि पुढे तोच शब्द सरकारमान्य संस्थांनाही लागू झाला. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द बोलण्यात राहिला, लेखनात ‘विद्यापीठ’ स्थिरावले. शब्द एकच झाल्यामुळे सोय झाली. पण परीक्षा घेणारे, प्रत्यक्ष शिकविणारे, दूरस्थ शिक्षण देणारे व अभिमत अशी सर्व प्रकारची विद्यापीठे एकाच नावाखाली आली आणि त्यांतील फरक नवख्या विद्यार्थ्याच्या नजरेआड झाला.

५

अंबरनाथच्या शेजारी उल्हासनगर आहे. तेथील इतिहास या विषयाला एक वेगळीच बाजू जोडतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले गेले. घरदार, जमीन, व्यापार मागे टाकून आलेल्या या समाजातील सुशिक्षितांची एक गोष्ट मात्र बदलली नव्हती, ती म्हणजे त्यांचे विद्यापीठ. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता आणि तो वेगळा झाल्यावरही तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठासच जोडलेली राहिली. सिंध विद्यापीठ निघाले ते एप्रिल १९४७ मध्ये. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजात पदवी घेतलेला मनुष्य कल्याण छावणीत उतरला, तेव्हा तो आपल्याच विद्यापीठाच्या भूमीत आला होता.

शिक्षणसंस्थांची पुनःस्थापना त्यामुळे शक्य तितक्या लवकर झाली. सिंधमधील हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी १९४९ साली वांद्रे येथे ती परंपरा पुन्हा सुरू केली. उल्हासनगरात १९६१ साली आर. के. तलरेजा महाविद्यालय व १९६५ साली चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय निघाले. अंबरनाथ व बदलापूरच्या मराठी विद्यार्थ्यांना त्यामुळे जवळच पदवीपर्यंतचे शिक्षण मिळू लागले. संलग्नतेच्या ज्या व्यवस्थेने विद्यापीठ दूरचे व अमूर्त केले, तिनेच ते विस्थापितांबरोबर येऊ शकेल असेही केले, ही तिची जमेची बाजू नोंदविली पाहिजे.

६

१९४९ च्या आसपास जुन्या विशाल कार्यक्षेत्राची विभागणी झाली. गुजरात व कर्नाटकात स्वतंत्र विद्यापीठे निघाली. पुणे विद्यापीठ १९४९ साली, बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या कुलगुरुपदाखाली, बारा जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र घेऊन सुरू झाले. १९६२ च्या शिवाजी विद्यापीठानंतर ते पाच जिल्ह्यांवर व १९९० साली जळगावला विद्यापीठ झाल्यावर तीन जिल्ह्यांवर आले. आज मुंबई विद्यापीठाकडे मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग असे सात जिल्हे आहेत आणि अंबरनाथ त्यांत येते.

दरम्यान परीक्षा घेणारे विद्यापीठ शिकवूही लागले होते. १९०४ च्या कायद्याने त्यास वाट मोकळी केली. मुंबईत १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि १९३३ साली रासायनिक तंत्रविद्येचा. हा दुसरा विभाग पुढे माटुंग्यास गेला व २००८ साली अभिमत विद्यापीठ म्हणून स्वतंत्र झाला. रासायनिक कारखान्यांच्या अंबरनाथमधील विद्यार्थ्याला या संस्थेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तरीही ती आता मुंबई विद्यापीठाचा विभाग नाही, तिचा प्रवेश व पदवी स्वतंत्र आहेत, हे सांगावेच लागते. ज्यांना नोकरी सांभाळून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याची कसोटी माटुंग्याच्या संस्थेला लावणे किंवा याच्या उलट करणे, दोन्ही अयोग्य होय.

७

‘अग्रगण्य विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग विषयाच्या संदर्भावाचून अपुरा आहे, हे अंबरनाथच्याच एका वस्तूवरून स्पष्ट करता येते. वालधुनी नदीच्या काठच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. त्याचे पहिले वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केले. त्यांनी शक ७८२ असा वाचला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो दुरुस्त करून ९८२ असा निश्चित केला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. भाऊ दाजी हे विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते, पण त्यांचे स्वतःचे वैद्यकीय शिक्षण विद्यापीठ निघण्यापूर्वीच, १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात पुरे झाले होते. भगवानलाल यांनी तर कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. लायडन विद्यापीठाने त्यांना पुढे सन्माननीय डॉक्टरेट दिली. शिलाहारांच्या लेखांचा समग्र संग्रह नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी संपादिला व तो १९७७ साली प्रसिद्ध झाला.

आज या गावातील एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या मंदिरातील लेख स्वतः वाचण्याची इच्छा झाली, तर त्याने कोठे जावे? सर्वसाधारण क्रमवारीत पहिल्या आलेल्या संस्थेत लिपिशास्त्र शिकविले जात असेलच असे नाही. त्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा विचार करणे इष्ट. १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडले, तेव्हा सु. मं. कत्रे, ह. धी. सांकलिया व इरावती कर्वे यांसारखे अभ्यासक तेथे एकत्र आले; १९५० नंतरच्या दशकात तेथे भरलेल्या भाषाशास्त्राच्या सत्रांनी या विषयाच्या अभ्यासकांची एक पिढी घडविली. १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. आकाराने लहान, विषय मोजके, पण त्या विषयांत अग्रगण्य.

८

राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी प्रसिद्ध होते व तिचा उपयोग आहे. परंतु क्रमांक ही विद्यापीठाची ओळख नव्हे. वरील इतिहासावरून ओळखीचे चार प्रश्न निष्पन्न होतात : प्रत्यक्ष शिकविणार कोण व कोठे, परीक्षा कोणाची, पदवीस कायद्याची मान्यता कोणती, आणि अध्ययनाची व परीक्षेची भाषा कोणती. पहिले दोन प्रश्न १८५७ च्या रचनेने निर्माण केले, तिसरा महिला विद्यापीठाच्या पदवीधरांनी सोसला, चौथा रानड्यांनी विचारला. तिसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य आज वेगळ्या कारणाने वाढले आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार ठराविक संस्थांनाच आहे. तो नसताना ‘विद्यापीठ’ म्हणविणाऱ्या संस्थांची यादी आयोगास वेळोवेळी प्रसिद्ध करावी लागते. अशा संस्थेत गेलेल्या विद्यार्थ्याचे पैसे जातात व वर्षेही जातात.

या चार प्रश्नांची उत्तरे देणारी, विषयवार रचलेली माहिती साध्या मराठीत उपलब्ध करणे हे पदव्युत्तर विभागांचे काम आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कित्येक घरांत विद्यापीठात जाणारी ही पहिलीच पिढी असते. तिला वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा आधार नसतो आणि इंग्रजी माहितीपत्रकातील ‘संलग्न’, ‘स्वायत्त’, ‘अभिमत’ या भेदांचा अर्थ सांगणारे कोणी जवळ नसते. जपानच्या एका विद्यापीठाची ओळख योग्य हाती पडली, तेव्हा महाराष्ट्रात विद्यापीठ उभे राहिले. जवळच्या विद्यापीठांची नीट करून दिलेली ओळख योग्य वेळी हाती पडल्यास निदान एका विद्यार्थ्याची वाट तरी चुकणार नाही, आणि तेवढ्यासाठीही हे काम हाती घेणे योग्य ठरेल.