मुक्त जनमतकौल आणि राजकीय पक्षनिष्ठा : भंडारा-गोंदिया परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वर्तमानपत्रे आणि वृत्तवाहिन्यांनी 'आजचा प्रश्न' विचारून 'होय', 'नाही' आणि 'सांगता येत नाही' असे तीन पर्याय वाचकांपुढे ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चांगलीच रुळली. एसएमएस, मिस्ड कॉल, संकेतस्थळ आणि भ्रमणध्वनीवरील ॲप अशी त्याची साधने बदलत गेली. या कौलांत राजकीय पक्षांचे व चळवळींचे कार्यकर्ते संघटितपणे उतरतात, दुवा गटागटांतून फिरवतात आणि प्रसंगी एकच व्यक्ती अनेक खात्यांवरून मत नोंदवते, हे आता उघड गुपित आहे. ज्या कौलाने विधानसभेची एक जागाही मिळत नाही आणि कायद्याचे एक कलमही बदलत नाही, त्यासाठी एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

त्यास 'फसवणुकीची वृत्ती' असे सोपे उत्तर दिले जाते. इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. ज्यात कोणीही स्वेच्छेने सहभागी होऊ शकतो असा मुक्त कौल डोकी मोजत नाही, उत्कटता मोजतो; आणि पक्षनिष्ठ कार्यकर्त्याजवळ विपुल असते ती उत्कटताच. शिवाय असा कार्यकर्ता कौलाकडे मोजमाप म्हणून पाहत नाही. निर्णय ज्याच्या हाती आहे त्याला द्यावयाचे निवेदन म्हणून तो त्याकडे पाहतो. ही प्रवृत्ती संगणकाने जन्माला घातलेली नाही. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याच्या, म्हणजेच ज्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा करण्यात आला त्या प्रदेशाच्या राजकीय इतिहासात तिच्या खुणा स्पष्ट दिसतात.

तारा, ठराव आणि निवेदने

२९ डिसेंबर १९५३ रोजी केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोगाची नियुक्ती केली. सर फाजल अली अध्यक्ष आणि पंडित हृदयनाथ कुंझरू व सरदार के. एम. पणिक्कर सदस्य असलेल्या या आयोगाने देशभर प्रवास करून १०४ ठिकाणी भेटी दिल्या आणि ९,००० हून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. आयोगाकडे आलेल्या कागदांची संख्या १,५२,२५० इतकी होती. त्यांपैकी विचारपूर्वक तयार केलेली निवेदने मात्र सुमारे २,००० पेक्षा अधिक नव्हती, असे आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले आहे. उरलेल्या ढिगात साध्या तारा आणि 'आमचा तालुका अमुक राज्यात घाला' एवढीच इच्छा व्यक्त करणारे छापील ठराव यांचाही समावेश होता.

ही आकडेवारी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विलक्षण बोलकी आहे. तार पाठवणाऱ्याला आपली एक तार निर्णय फिरवणार नाही याची जाणीव होती. परंतु विरुद्ध बाजूकडून तारा जात असताना आपल्या बाजूची फाईल रिकामी राहिली, तर तिचा अर्थ 'या भागाला काही म्हणायचे नाही' असा लावला जाईल, ही भीती खरी होती. छापील ठरावावर सह्या गोळा करणारा गावपातळीवरील कार्यकर्ता आणि आज मोबाईलवर दुवा पाठवणारा कार्यकर्ता यांच्यातील साम्य येथे आहे. दोघेही जनमताचा शोध घेत नसून जनमताचा पुरावा तयार करीत असतात. आयोगाने त्या ढिगाचे वजन ओळखले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्याने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या ८ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि शिफारस मिळूनही राज्य न मिळाल्याची खंत पुढील प्रत्येक कौलाच्या मुळाशी राहिली.

मत 'कुजवण्याचे' गणित

याच काळात भंडारा मतदारसंघाने मतांच्या गणिताचा आणखी एक धडा घेतला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. काजरोळकरांना १,३८,१३७ तर बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. मे १९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडारा येथील लोकसभा पोटनिवडणूक लढवली. तो द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले.

द्विसदस्य पद्धतीत आपल्या उमेदवाराला एक मत देऊन दुसरे मत कोणालाच न देण्याला मराठी राजकारणात 'मत कुजवणे' असा नेमका शब्दप्रयोग रूढ झाला. मुंबईच्या १९५२ च्या निवडणुकीत विरोधकांच्या अशा प्रचारामुळे मते मोठ्या प्रमाणावर कुजली, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. भंडाऱ्यात मात्र दुसरे मत कुजवण्याचा सल्ला आपल्या अनुयायांना देण्यास त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. कुजवणे कायद्याने गुन्हा नव्हता. पद्धतीतील फटीचा तो हिशेबी वापर होता. मोजणीची रीत कळली की तिच्याशी खेळता येते, हे सामान्य कार्यकर्त्यालाही सत्तर वर्षांपूर्वी उमगले होते. 'ऑनलाइन' कौलात फट अधिक रुंद आहे, इतकेच. १९६२ पासून मतदाराच्या बोटाला लागत आलेली न पुसली जाणारी शाई तेथे नसते. एक मोबाईल क्रमांक म्हणजे एक मतदार असे फार तर धरले जाते, आणि एका घरात क्रमांक किती आहेत ते कोणी विचारत नाही.

उत्साही अल्पसंख्य आणि मौन बहुसंख्य

मुक्त कौलाच्या स्वभावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २३ लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना ६० टक्क्यांहून अधिक मते पडली आणि लँडन यांना अवघी दोन राज्ये मिळाली. दूरध्वनी व मोटारी असणाऱ्या सधन वर्गाच्या याद्या वापरल्याने ही चूक झाली, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, केवळ याद्यांचा दोष नव्हता. मतपत्रिका मिळूनही ती परत न पाठवणाऱ्यांत रूझवेल्ट-समर्थकांचे प्रमाण अधिक होते. विरोधक चिडलेले होते आणि चिडलेला मनुष्य टपालपेटीपर्यंत चालत जातो.

येथे कोणी कोणाला फसवले नव्हते, तरीही कौल कलला. पक्षनिष्ठ कार्यकर्ता या नैसर्गिक कलाला केवळ हात देतो. म्हणूनच आपण लबाडी करीत आहोत असे त्याला सहसा वाटत नाही. 'ज्यांना तळमळ होती ते आले, ज्यांना नव्हती ते घरी बसले' हा त्याचा युक्तिवाद असतो आणि तो सर्वस्वी पोकळ नाही.

विदर्भाच्या मागणीसंबंधी 'जनमंच' या संघटनेने डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर शहरात घेतलेल्या जनमत चाचणीकडे या दृष्टीने पाहावे लागते. कौल ९० टक्क्यांहून अधिक मतांनी स्वतंत्र राज्याच्या बाजूने लागला. या आकड्याचा अर्थ 'नागपुरातील शंभरापैकी नव्वदाहून अधिक लोकांना वेगळे राज्य हवे' असा करणे शास्त्रशुद्ध नाही. मागणी करणाऱ्या संघटनेनेच मांडलेल्या मतपेटीकडे मागणीचे समर्थक अधिक संख्येने वळणार, हे उघड आहे. तथापि आयोजकांना नमुना पाहणी करावयाची नव्हती. १९५५ ची शिफारस अडगळीत पडली होती आणि अधिकृत कौल घेण्यास कोणतेही सरकार तयार नव्हते. अशा वेळी दिल्लीला दाखवण्याजोगा आकडा त्यांना हवा होता. अधिकृत दार बंद असले की लोक आपले दार स्वतः बांधतात, आणि त्यातून कोण आत येईल हेही तेच ठरवतात.

सत्ताधाऱ्यांनाही अशा दाराचा मोह पडतो. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या नावाच्या ॲपवर प्रश्नावली देण्यात आली. ५ लाखांहून अधिक व्यक्तींनी प्रतिसाद दिला आणि ९० टक्क्यांहून अधिक जणांनी निर्णयाला पाठिंबा दिल्याचे जाहीर झाले. नेत्याचे ॲप मुद्दाम उतरवून घेणारा वर्ग कोणता, हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही. येथे आकड्याचा उपयोग निर्णय घेण्यासाठी नव्हता, कारण निर्णय आधीच झाला होता. त्याचा उपयोग 'हवा' राखण्यासाठी होता. बहुसंख्य जिकडे आहेत तिकडे काठावरचा मनुष्य झुकतो, ही समजूत 'हवा' या शब्दामागे आहे. ती कितपत खरी आहे यावर मतभेद असले, तरी कार्यकर्त्याचा तिच्यावरील विश्वास पक्का असतो.

मान्यतेसाठी दिलेले मत

हेतूचा आणखी एक थर २०१२ च्या 'द ग्रेटेस्ट इंडियन' या उपक्रमात दिसून येतो. महात्मा गांधींना स्पर्धेबाहेर ठेवून घेतलेल्या या कौलात परीक्षक मंडळ, जनतेची ऑनलाइन व मिस्ड कॉलद्वारे मते आणि नील्सन या संस्थेची बाजारपाहणी अशा तीन मापांचा मेळ घालण्यात आला होता. जनतेच्या मतांत डॉ. आंबेडकरांना सुमारे २० लाख, तर पंडित नेहरूंना १० हजारांहूनही कमी मते मिळाली. अंतिम क्रमवारीत आंबेडकर पहिले आले आणि जनतेच्या मतांत तळाशी असलेले नेहरू चौथे आले. मुक्त मतांवर आयोजकांचाही पूर्ण भरवसा नव्हता, हे त्यांनी निवडलेल्या रचनेवरूनच स्पष्ट होते.

आंबेडकरी समाजाने या कौलासाठी केलेल्या प्रचाराला 'कौल वाकवणे' म्हणावे काय? संख्याशास्त्र 'होय' म्हणेल. इतिहासाला मात्र थोडे थांबावे लागते. ज्या नेत्याला मुंबईने १९५२ मध्ये आणि भंडाऱ्याने १९५४ मध्ये लोकसभेत पाठवले नाही, त्याच्या अनुयायांच्या पुढील पिढ्यांना एका मिस्ड कॉलच्या किमतीत सार्वजनिक मान्यता नोंदवण्याची संधी मिळाली होती. नेहरूंच्या बाजूने तसे कोणी सरसावले नाही. त्यांच्या चाहत्यांना या मान्यतेची निकड भासली नसावी. तीव्रतेतील हा फरक आकड्यांत उतरला. एकाच व्यक्तीने दहा वेळा मत देणे आणि दहा व्यक्तींना मत देण्यास प्रवृत्त करणे यांतील भेद येथे राखणे आवश्यक आहे. पहिल्यात खोटेपणा आहे, दुसरे तर राजकारणच आहे.

अधिकृत कौल आणि यादीचे महत्त्व

कौलाला अधिकार असला की पक्षनिष्ठांची खटपट संपत नाही, ती मतदानाच्या अलीकडे सरकते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेला जनमतकौल याचा उत्तम दाखला आहे. विलीनीकरणासाठी 'फूल' आणि संघप्रदेशासाठी 'दोन पाने' ही चिन्हे होती. १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या, तर १,३८,१७० मते महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने पडली. खरा झगडा त्यापूर्वीच झाला होता. निर्णय विधानसभेने घ्यावा की जनतेने, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर सत्तेवर असताना मतदान व्हावे की नाही, गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार असावा की नसावा, हे ते प्रश्न होते. बांदोडकरांनी राजीनामा दिला. बाहेरच्यांना मत मिळाले नाही. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, तो ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला. परंतु यादी ठरली, चिन्हे ठरली आणि मोजणी झाली, तेव्हा निकालाची बाजू उलटवण्यास वाव उरला नाही.

भंडारा-गोंदिया मतदारसंघाने हेच दुसऱ्या अंगाने अनुभवले. २८ मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत अनेक केंद्रांवर मतपडताळणी यंत्रांत बिघाड झाला आणि मतदारांना भर उन्हात ताटकळावे लागले. निवडणूक आयोगाने ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घेतले. त्या प्रत्येक केंद्राची यादी होती, म्हणून कोणाला पुन्हा बोलवायचे हे ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि मधुकर कुकडे सुमारे ४८ हजार मतांनी विजयी झाले.