अक्षर कोणाच्या मालकीचं?



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज भाईंदरमध्ये संगणकावर बोलणार, हे ऐकून काही जण गालातल्या गालात हसले असतील. मी संगणकतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण माझं दहा वर्षांचं लेखन एके दिवशी माझ्यासमोर मुकं झालं आणि तिथून हा विषय माझ्या मागे लागला.

झालं असं. १९९०नंतर मी वर्गातली टिपणं संगणकावर मराठीत लिहू लागलो. त्यासाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्याच्याबरोबर एक डोंगल मिळे, म्हणजे कुलूपच म्हणा. ते संगणकाच्या मागे खोचलं तरच मराठी उमटायचं. पुढे संगणक बदलला, डोंगल बिघडला, ती आवृत्तीही बंद झाली होती. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. भर्तृहरीवरची माझी सगळी व्याख्यानं त्यात होती.

मीरा रोडला राहणारा माझा एक जुना विद्यार्थी आता वेब डेव्हलपर आहे. त्याला बोलावलं. दोन मिनिटं पाहून तो म्हणाला, "सर, तुम्ही मराठी लिहिलंच नव्हतं. मराठीसारखं दिसणारं इंग्रजी लिहिलं होतं."

हे वाक्य समजून घेऊ. संगणकाला फक्त आकडे कळतात. इंग्रजीसाठी अक्षर आणि आकडा यांची जोडी फार आधी ठरली होती. आपल्याकडे फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवले. कुठे 'क', कुठे नुसता काना, कुठे अर्धा 'त'. प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्या काळी मराठी छपाई संगणकावर आली ती याच वाटेनं. किंमत मात्र आपण मोजली. वृत्तपत्राचं संकेतस्थळ वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या, आणि शोधायला गेलात तर मराठी शब्द सापडायचा नाही.

सार्वजनिक वाटही तेव्हाच तयार होत होती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली. पुण्याच्या सी-डॅकचं त्या क्षेत्रातलं काम तुम्हाला ठाऊक असेल. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे. 'क'ला ०९१५ हा संकेतांक मिळाला. मग फॉन्ट कोणताही असो, कंपनी कोणतीही असो, 'क' तो 'क'च.

इथे मला भर्तृहरी आठवतो. तो ध्वनी आणि स्फोट यांत फरक करतो. ध्वनी माणसागणिक बदलतो, पण त्यातून जो शब्द कळतो तो एकच. जुने फॉन्ट नुसता आकार साठवत होते. युनिकोड अक्षर साठवतं. आकाराला मालक असू शकतो, अक्षराला कसा असेल?

पण नुसता संकेतांक ठरून भागत नाही, बरं का. तो दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं, फॉन्ट लागतो. आणि इथे दुसरा इतिहास येऊन मिळतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यांच्या परवान्याचं सार असं : घ्या, बदला, वाटा, पण ज्याला द्याल त्यालाही हाच हक्क द्या. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेनं वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. तसं झालं नसतं, तर आज तुम्ही हे व्याख्यान कुठे वाचलं असतं कोण जाणे.

मराठीत या दोन वाटा एकाच माणसाच्या हातात दिसतात. आयआयटी मुंबईत शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. 'रघु' फॉन्टही त्यांचाच. तो मात्र मुंबईच्या एनसीएसटीतून खुल्या परवान्यावर आला. पुढे मुंबईच्या एक टाइपनं 'मुक्ता' हा फॉन्ट तसाच खुला दिला. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला, तोही खुल्या सॉफ्टवेअरवर.

आता माझ्या टिपणांकडे येतो. त्या विद्यार्थ्यानं जावास्क्रिप्टमध्ये एक परिवर्तक लिहिला. काम वाटतं तितकं सोपं नाही. 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात ती आधी साठवलेली. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी नंतर. 'अर्थ'मधल्या रफाराचं नेमकं उलटं. हे सगळं जागेवर बसवून त्यानं परिवर्तक सर्वांसाठी खुला ठेवला. महिन्याभरात कोणा अनोळखी माणसानं एक चूक दुरुस्त करून पाठवली. आमच्या परिवर्तकातून 'दऱ्या'चा 'दर्या' होत होता. डोंगर बुडालेच होते!

मी खूश होतो, तो नव्हता. म्हणाला, "सर, मालाडच्या ऑफिसातून लोकल पकडून दहाला घरी येतो. अकराला कोणाचा तरी मेल असतो, 'चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा.' फुकट दिलं म्हणून मी त्यांचा नोकर झालो का?"

याचं उत्तर मला पैठणला सापडलं. ज्ञानेश्वरी १२९०ची. तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले. १५८४ साली एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यात आपल्या ओव्या घुसडू नका असं बजावलं. नक्कल करायला कोणालाच बंदी नव्हती, म्हणून ग्रंथ जगला. कोणीतरी बसून चुका काढल्या, म्हणून तो नीट जगला. पहिली गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. दुसऱ्या गोष्टीचे कष्ट मात्र विसरतो. २०१४ साली 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटच्या सुरक्षिततेचा केवढा भार ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांवर होता.

मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण मुद्रितं तपासता येतात. आता त्या परिवर्तकातून निघालेला मजकूर मी रोज तासभर वाचतो, चुका वहीत उतरवतो, रविवारी त्याला देतो. मेलना उत्तरंही मीच देतो. निवृत्त माणसाला रात्री अकराला तसाही काय उद्योग असतो? तुमच्यातल्या कोणाच्या कपाटात जुन्या फॉन्टातल्या फाइली असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये आणा. आणि ज्याच्या फुकट कामावर त्या आणाल, त्याला एक चूक तरी शोधून द्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.