क्लिपबोर्डमध्ये कोण डोकावतं?
परवा कारंज्याला (घाडगे) घरी गेलो, तर बाबा बँकेचा खाते नंबर कॉपी करून काकांना पाठवत होते. नंबर क्लिपबोर्डवर तसाच पडून!

कॉपी-पेस्ट लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या 'पार्क' प्रयोगशाळेत रुजवलं. यंत्रापुढे माणूस एकच, मग परवानगी कोण मागणार? मोबाईलने तीच सवय उचलली. अ‍ॅप्स मात्र पन्नास.

फेब्रुवारी २०२० मध्ये टेस्लर गेले. जूनमध्ये आयओएस १४ च्या चाचणी आवृत्तीत क्लिपबोर्ड वाचला की पट्टी झळकू लागली, आणि टिकटॉक दर दोन-चार अक्षरांनी डोकावताना सापडलं. स्पॅम रोखायला म्हणे!

अँड्रॉइडवर अशी सूचना २०२१ मध्ये, १२ व्या आवृत्तीत आली. बाबांचा फोन अजून दहावर आहे.