कोथळीगड व एफ-११७ : गुप्त शस्त्राच्या निवृत्तीचा विचार

सैन्य एखादें शस्त्र टाकून देतें, तें त्याचा पराभव झाला म्हणूनच, असा समज साधारणतः आढळतो. किल्ल्यांविषयींच्या आमच्या लेखनांतहि तो शिरला आहे. प्रस्तुत टिपणांत हा समज दोन उदाहरणांवरून तपासण्याचें योजिलें आहे. पहिलें, पोशीर गांव ज्या कर्जत तालुक्यांत आहे तेथीलच. दुसरें दूरदेशींचें व अलीकडील काळांतलें.

तालुक्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या भिंतीलगत कोथळीगड ऊर्फ पेठचा किल्ला आहे. माथ्यावर जाणारा जिना सुळक्याच्या पोटांत कोरलेला असल्यामुळें खालून पाहणारास वाट उमगत नाहीं. १६८४ च्या नोव्हेंबरांत मोगलांकडील अब्दुल कादर यानें हा गड घेतला, तो आपलेच लोक आल्याची बतावणी करून. तो परत घेण्याच्या प्रयत्नांत नारोजी त्रिंबक कामास आला. मोगलांनीं गडास ‘मिफ्ताहुल फतह’, म्हणजे विजयाची किल्ली, असें नांव दिलें. येणेंप्रमाणें गडाचें मर्म शत्रूस कळलें, तरी गड निकामी ठरला नाहीं. पेशवाईच्या अखेरीपर्यंत त्यावर शिबंदी होती.

गडांची खरी निवृत्ति १८१८ नंतरची. त्या वर्षीं मे महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या उखळी तोफांनीं रायगडासारखा गड खालीं केला. डोंगराची उंची आतां पुरेसें संरक्षण देत नव्हती. त्यांत प्रत्येक गडावर शिबंदी ठेवावी तर खर्च, न ठेवावी तर बंडखोरांस आसरा. कंपनी सरकारनें त्याच वर्षीं कॅप्टन डिकिन्सनकडून कोकणांतील किल्ल्यांची पाहणी करविली. अनेक गडांच्या पायऱ्या व तट उडविले गेले. कित्येक नुसतेच ओस पडले.

आतां दुसरें उदाहरण. अमेरिकेचें एफ-११७ विमान १९८१ च्या जूनमध्यें प्रथम उडालें, १९८३ सालीं सेवेंत दाखल झालें आणि १९८८ च्या नोव्हेंबरपर्यंत सरकारनें त्याचें अस्तित्वहि कबूल केलें नाहीं. रडारच्या लहरी परत शत्रूकडे न जातां भलतीकडे वळाव्या, यासाठीं त्याचें अंग सपाट पैलूंचें केलें होतें. कारण त्या वेळच्या गणकयंत्रांना वक्र पृष्ठभागाचें गणित झेपत नव्हतें. अशीं एकूण ६४ विमानें झालीं. १९९१ च्या इराक युद्धांत त्यांपैकीं एकहि पडलें नाहीं.

२७ मार्च १९९९ च्या रात्रीं मात्र सर्बियांतील बुजानोव्त्सी गांवाजवळ एक विमान पाडलें गेलें. पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची जात १९६१ च्या सुमाराची होती. लांब लहरींचें जुनें रडार आणि विमानांचे ठराविक झालेले मार्ग यांनीं तेथें काम केलें. कोथळीगडाचा दरवाजाहि असाच, आंतल्या रिवाजाची माहिती असणारांस उघडला होता.

परंतु या घटनेनंतरहि तें विमान नऊ वर्षें सेवेंत राहिलें. २२ एप्रिल २००८ रोजीं तें निवृत्त झालें, त्याचीं कारणें हिशेबाचीं होतीं. त्याच्या अंगावरील लेपाची निगा फार खर्चाची. त्यांत स्वतःचें रडार नाहीं. वेग ध्वनीहून कमी. पोटांत सुमारें ९०० किलोचे दोनच बॉम्ब. आणि काम केवळ रात्रीचें. उलट नवें एफ-२२ हीच गुप्तता राखून अधिक वेगानें जाणारें व हवेंत लढणारें होतें. त्यासाठीं पैसा मोकळा करावा, असें २००५ च्या अखेरीस ठरलें.

दोन्ही उदाहरणांवरून आमचें मत असें झालें आहे कीं, गुपित फुटल्यानें शस्त्र एका दिवसांत मरत नाहीं. तें फुटल्यावर त्याचे मूळचे दोष व रोजचा खर्च उघडे पडतात, आणि तेंच काम बरें करणारें दुसरें साधन मिळतांच तें बाजूस होतें.

एफ-११७ विमानें टोनोपाच्या तळावर बंदिस्त करून जतन केलीं गेलीं. कांहीं संग्रहालयांत गेलीं, तर कांहीं २०२१ सालीं सरावांत शत्रूच्या भूमिकेनें उडालीं. आमच्या गडांचें तसें झालें नाहीं. किल्ला घेतल्याचीं पत्रें संग्राहक आवडीनें जपतात. शिबंदी उठविल्याचे, कोठार रिकामें केल्याचे जमाखर्च मात्र रद्दींत जातात. किल्ल्यांच्या शेवटाचें कारण त्याच कागदांत आहे. कर्जत व खालापूर भागांतील जुन्या दप्तरांत असे कागद आढळल्यास संग्राहकांनीं ते निरुपयोगी समजून टाकूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे.