लहान मुलांचे ख्रिस्ती धर्मशिक्षण : पाठांतरापासून कृतीपर्यंत

ख्रिस्ती धर्मवर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. मग नाताळ आणि तीन राजांचा सण येतो. त्यापाठोपाठ राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट असा क्रम असतो. याशिवाय दर रविवारची मिस्सा किंवा उपासना असते, आणि बाप्तिस्मा, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद असे संस्कारही असतात. मूल हे सारे घरच्या मोठ्यांबरोबर पाहतच वाढते. त्याचा अर्थ त्याला कोणत्या वयात सांगावा आणि कसा सांगावा, याची उत्तरे मात्र काळागणिक बदलत गेली. आधी शब्द पाठ करून घ्यावेत की आधी मुलाला विधीत हातभार लावू द्यावा, हा त्यातला मुख्य वाद आहे.

पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा घेणारे बहुतेक लोक प्रौढ असत. त्यांना दीर्घकाळ शिकवण दिली जाई, पण काही संस्कारांचा पूर्ण अर्थ संस्कार झाल्यावरच उलगडून सांगण्याची प्रथा होती. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावावर असलेली प्रवचने अशीच आहेत. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुढच्या आठवड्यात ‘तुम्ही जे केलेत त्याचा अर्थ काय’ हे त्यांतून समजावलेले आहे. पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाला आणि हा क्रम मोडला. मुलाला ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना आणि विश्वासांगीकार शिकवण्याची जबाबदारी आईवडील आणि धर्ममातापित्यांवर आली. वाचता न येणाऱ्या समाजात उरलेले काम चर्चच्या भिंतींवरची चित्रे, मिरवणुका आणि सणांची नाटके करीत. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो या गावी फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी गुहेत गवताने भरलेली गव्हाण मांडली, शेजारी बैल आणि गाढव उभे केले आणि तेथेच नाताळची मिस्सा झाली. नाताळात घरोघर मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्याचा लोकप्रिय आरंभ या प्रसंगाशी जोडला जातो. गोवा, मुंबई आणि वसई भागांत आजही हा गोठा बहुधा मुलेच उभारतात.

सोळाव्या शतकात चित्रांच्या जोडीला छापील प्रश्नोत्तरे आली. 1528 मध्ये सॅक्सनीतील गावोगावच्या चर्चची पाहणी करताना मार्टिन ल्यूथर यांना सामान्य लोकांचे आणि अनेक धर्मोपदेशकांचेही अज्ञान दिसून आले. त्यातून 1529 साली ‘लघु प्रश्नोत्तरी’ तयार झाली. तिचे काही भाग प्रथम भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले गेले. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन असे तिचे विषय होते. प्रत्येक वचनानंतर ‘याचा अर्थ काय?’ हा एकच प्रश्न येई आणि घरातल्या कर्त्याने त्याचे छोटे उत्तर द्यायचे असे. शिकवण्याचा क्रमही ल्यूथर यांनी प्रस्तावनेत ठरवून दिला होता. मुलांसमोर शब्द दरवेळी तेच ठेवायचे, ते पक्के झाल्यावर अर्थ सांगायचा आणि विस्तार त्यानंतर करायचा.

कॅथलिक देशांतही याच सुमारास मुलांना धर्म शिकवण्याची चळवळ उभी राहिली. मिलान शहरात 1536 मध्ये कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूंनी सुट्टीच्या दिवशी मुलांना धर्म शिकवणारे वर्ग सुरू केले. तेथे शिकवणारे बहुतेक सामान्य गृहस्थ होते. पुढे मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी या वर्गांना शिस्त लावली आणि त्यांचा विस्तार केला. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हा नियमच केला. निदान रविवारी आणि सणाच्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामात मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे शिकवली जावीत, याची जबाबदारी तिने बिशपांवर टाकली.

हीच पद्धत पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आली. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात पोहोचले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत, मुलांना आणि गुलामांना हाक मारून चर्चमध्ये जमवत आणि दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती शिकवण, सांगत. ही शिकवण ते चालीवर म्हणवून घेत, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलांच्याही ती ओठांवर बसे. पुढे दक्षिणेच्या मच्छीमार किनाऱ्यावर त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या आणि मुलांनी घरी जाऊन त्या आईवडिलांना व शेजाऱ्यांना शिकवाव्यात असा आग्रह धरला. 1556 मध्ये गोव्यात छापखाना आला. 1557 साली, झेवियर यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, त्यांची प्रश्नोत्तरी तेथेच छापली गेली. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत मुलांच्या हाती द्यायची ही पुस्तिका होती.

या शिकवणुकीमागे राजसत्तेचे बळही होते. 1559 च्या राजाज्ञेनुसार गोव्यातील हिंदूंची पोरकी मुले ताब्यात घेऊन बाप्तिस्मा व शिक्षणासाठी जेझुइट धर्मसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयाकडे सोपवायची होती. झेवियर यांच्या पत्रांत मुलांच्या भक्तीचे कौतुक आहे, आणि मुलांच्या हातून मूर्ती फोडल्या गेल्याचेही वर्णन आहे. त्यामुळे गोव्यातल्या धर्मशिक्षणाचा इतिहास केवळ अध्यापनपद्धतीच्या अंगाने लिहिता येत नाही.

भाषेच्या बाबतीत सर्वात मोठे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षे मुख्यतः साष्टी तालुक्यात राहिले. 1619 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कोकणीतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ 1622 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. मार्कोस जोर्जे यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर ती आधारलेली होती आणि मूळ पुस्तकाप्रमाणेच गुरू-शिष्याच्या संवादातून पुढे सरकत होती. जोर्जे यांचे तेच पुस्तक त्या काळात तमिळ, जपानी आणि आफ्रिकेतील काँगो प्रदेशाच्या भाषेतही गेले होते. पण प्रश्नोत्तराने सर्वांचे समाधान होत नव्हते. 1616 साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी स्टीफन्स यांनी लोकांची एक मागणी नोंदवली आहे. जुनी पुराणे बंद झाली, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे काही पुराण द्या, असे नवख्रिस्ती लोक म्हणत होते. त्यातून मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांची ख्रिस्तकथा उभी राहिली. रविवारी आणि सणांच्या दिवशी ती चर्चमध्ये वाचली व गायली जाई. सणामागची गोष्ट मुलांच्या कानावर अशा रीतीने ओवीच्या ओळखीच्या चालीत पडू लागली.

1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीचा वापर तीन वर्षांत थांबवावा आणि धर्मगुरू व शिक्षकांनी पोर्तुगीजमधूनच शिकवावे असे फर्मान काढले. तरीही घरातली आणि वाड्यावरच्या क्रूसापुढची प्रार्थना कोकणीतच चालू राहिली. धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त्रे नावाचा शिक्षक असे. तो मुलांना अक्षरे, दोत्रीन आणि चर्चचे संगीत एकत्रच शिकवी. स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन वाजवणे हा मिस्सेच्या तयारीचा भाग होता. मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटसंगीतात पुढे नावारूपाला आलेल्या अनेक गोमंतकीय वादकांची मुळे या शिक्षणात सापडतात. सणांतही मुलांना जागा होती. 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला रेईश मागूश, चांदर आणि कासावली येथे तीन मुलगे राजांचा वेश करतात. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांची कथा या मुलांना सांगावी लागत नाही, कारण ती त्यांनी स्वतः केलेली असते.

युरोपातील प्रॉटेस्टंट समाजात अठराव्या शतकापासून हातात धरता येणाऱ्या वस्तूंकडे लक्ष गेले. 1747 च्या नाताळात जर्मनीतील मारीएनबोर्न येथे मोरावियन पंथाचे योहानेस फॉन वाटेविल यांनी ख्रिस्तजन्माचा आनंद मुलांना सांगितला आणि प्रत्येकाच्या हाती लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली. या प्रथेचे पुढचे रूप 1968 मध्ये इंग्लंडमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लिंकन कॅथीड्रलमध्ये आणले. त्यात संत्रे म्हणजे जग, त्याभोवतीची लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, फळे खोचलेल्या चार काड्या म्हणजे चार ऋतू आणि वरची मेणबत्ती म्हणजे ख्रिस्ताचा प्रकाश असा अर्थ लावला जातो.

आगमनचक्राचा उगमही मुलांच्या एका प्रश्नात आहे. हँबर्गजवळ योहान हिनरिख विखर्न यांनी 1833 मध्ये निराधार मुलांसाठी आश्रम काढला होता. नाताळ कधी येणार, असे तेथली मुले सारखी विचारीत. 1839 साली विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या होत्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या लाल. रोज प्रार्थनेच्या वेळी एक नवी मेणबत्ती पेटवली जाई. आगमनकाळाची लांबी दरवर्षी बदलत असल्याने लाल मेणबत्त्या कमीत कमी 18 आणि जास्तीत जास्त 24 लागत. 1839 मध्ये पहिला रविवार 1 डिसेंबरला आल्याने त्या 20 होत्या. वाट पाहणे हाच या काळाचा आशय आहे आणि तो मोजण्याच्या साध्या कृतीतून मुलांपर्यंत पोहोचला. पुढे हे चक्र चार मेणबत्त्यांच्या हिरव्या कड्यात आटोपले, विसाव्या शतकात कॅथलिक चर्चमध्येही आले आणि आता मुंबई-वसईच्या चर्चमध्येही दिसते. जर्मन घरांत दारावर खडूने रेघा ओढून मुलांना रोज एक पुसायला देण्याची रीतही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी छापून लोकप्रिय केलेली आगमन दिनदर्शिका त्याच मोजणीच्या सवयीतली आहे.

महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाचा पाया शाळांनी घातला. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत आले, आणि काही वर्षांत मिशनच्या मराठी शाळा निघाल्या. इंग्लंडमध्ये 1780 मध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांनी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली होती. तिचेच रूप येथे शब्बाथ शाळा या नावाने रुजले. मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिकही चालवले. अहमदनगर परिसरात बायबलच्या कथा कीर्तनातून सांगितल्या जाऊ लागल्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि भजनाच्या वळणाची गीते लिहिली. ती मराठी उपासनेत आजही गायली जातात.

कॅथलिक चर्चमध्ये वयाच्या प्रश्नाला 1910 साली वळण मिळाले. तोवर पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे, कारण आधी प्रश्नोत्तरी पूर्ण यावी अशी अपेक्षा होती. पोप दहावे पायस यांच्या काळात 8 ऑगस्ट 1910 रोजी निघालेल्या आदेशाने हे वय सुमारे सात वर्षांवर आणले. ही भाकर नेहमीची भाकर नाही, एवढे मुलाला कळले आणि श्रद्धेची मुख्य तत्त्वे त्याच्या कुवतीप्रमाणे समजली की पुरे, असे ठरले. सविस्तर शिक्षण नंतर चालू राहू शकत होते. सिरिल यांच्या काळातला अनुभवानंतर अर्थ सांगण्याचा क्रम अशा प्रकारे काही अंशी परत आला.

या बदलाचा फायदा मारिया माँटेसरी यांनी घेतला. बार्सिलोनात त्यांनी मुलांच्या उंचीच्या सामानाचे प्रार्थनास्थळ उभारले. तेथील मुलांनी गहू आणि द्राक्षे लावली, कारण मिस्सेतील भाकर आणि द्राक्षारस त्यांपासूनच होतात. हा अनुभव 1922 च्या इटालियन पुस्तकात आला. 1939 मध्ये माँटेसरी भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात मद्रास व कोडाईकनाल येथे त्यांनी शिक्षक घडवले, मात्र भारतात त्यांचा ठसा मुख्यतः बालवाड्यांवर उमटला. धर्मशिक्षणाचा धागा 1954 मध्ये रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी पुढे नेला. त्यांच्या वर्गात तीन वर्षांची मुलेही असतात. ती छोटी वेदी मांडतात आणि उत्तम मेंढपाळाच्या दृष्टान्तातली लाकडी मेंढरे कळपात आणतात. धर्मवर्षातील आठवडे ती रंगीत ठोकळ्यांनी ओळखतात. जांभळा रंग तयारीच्या काळाचा असतो, पांढरा उत्सवाचा, लाल पेंटेकॉस्टचा आणि हिरवा उरलेल्या साधारण काळाचा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी केली. वसईसारख्या भागात मिस्सा मराठीत होऊ लागली आणि वेदीवरचे शब्द मुलांना थेट कळू लागले. 1973 मध्ये रोमने मुलांच्या मिस्सेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. गाणे, हालचाल, चित्रे आणि मौन यांचा वापर करावा आणि मुलांना शक्य ती कामे द्यावीत, असे तिने सुचवले. त्यानंतर मुलांसाठीच्या तीन खास प्रार्थनाही आल्या.

आज महाराष्ट्र आणि गोव्यातील धर्मग्रामांत रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात या साऱ्या पद्धती शेजारी शेजारी नांदतात. प्रार्थना आणि दहा आज्ञा अजूनही तोंडपाठ करून घेतल्या जातात. नाताळात मुले गोठा मांडतात, झावळ्यांच्या रविवारी झावळी हाती धरून चालतात. कपाळावर लावली जाणारी राख आदल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळूनच केलेली असते, हे कळले की उत्सव आणि पश्चात्ताप यांचा संबंध मुलांना व्याख्येविना समजतो. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी मात्र अजूनही प्रश्नोत्तरांतून होते आणि विधीआधी मुलांकडून उत्तरे तोंडी विचारून घेतली जातात.